आज शांत आहे

आमच्या चर्चच्या मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होणार होती आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, माझ्या जावयाने घातलं. तो आमचा पाळक. घरी मी त्याला जावईबापू म्हणते, चर्चमध्ये पाळकसाहेब, आणि त्याच्या डोक्यात नवं खूळ शिरलं की काहीच म्हणत नाही, नुसती बघत राहते. “आई, तुम्ही शाळेत जन्मभर इतिहास शिकवलात, लग्नाआधीपासून इथं पायपेटी वाजवताय. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?” असं त्याने भर कमिटीत विचारलं. भर कमिटीत नाही म्हणायला माझी जीभ रेटणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तसा तो लबाड नाही. पण पाळक झाला तरी जावईच तो.

आमचं गाव खाणीमुळे वसलं. टेकडीच्या पोटात खाण, तिच्या तोंडाशी चाळी, आणि चाळींच्या वरच्या अंगाला आमचं चर्च. माझ्या जन्माच्या सुमाराला खाण बंद पडली आणि माणसं गिरणीत, दुकानात, शाळेत, जमेल तिथे पांगली. मंडळी मात्र टिकली. आम्ही ल्यूथरन. ज्याच्या नावाने आम्ही ओळखले जातो त्याचा बापसुद्धा खाणीच्याच धंद्यातला होता, असं आमचे जुने लोक छाती फुगवून सांगायचे, जणू काही तो शेजारच्या चाळीत राहत होता.

सगळ्या ल्यूथरन चर्चमध्ये असतं ते सगळं आमच्याकडे आहे. वेदी आहे, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे, गीतांचे नंबर लावायचा लाकडी फळा आहे. पण एक गोष्ट फक्त आमची. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बाकं असूनही डाव्या बाजूला कुणी बसत नसे. लग्न असो, मयत असो, बाहेरून मोठा पाहुणा आलेला असो, माणसं उजवीकडे दाटीवाटीने बसणार, मागे उभी राहणार, पण डावीकडे जाणार नाहीत. आणि उपासना सुरू व्हायच्या आधी ‘ऐकणं’ असे. आपण आत आलो की बसायचं नाही, बाकाशी उभं राहायचं. पाळक म्हणायचा, “डावीकडे बोलतं. ऐका.” मग सगळ्यांनी डावीकडे तोंड करायचं आणि गप्प राहायचं. मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ. मग मंडळीतला सगळ्यात वडीलधारा पुरुष म्हणायचा, “आज शांत आहे.” की सगळे बसले. त्याच्या आधी कुणी टेकलं तर शेजारची बाई चिमटा काढायची. मी लहानपणी पुष्कळ खाल्लेत आणि मोठेपणी पुष्कळ काढलेत.

हे असं का, याचा शोध घेणं म्हणजे आमचा इतिहास लिहिणं, असं मला वाटलं आणि मी कंबर कसली. जो तो वेगळं सांगायचा. कुणी म्हणालं, डावी बाजू खाणीत गेलेल्यांसाठी राखलेली आहे. कुणी म्हणालं, ती परक्यांसाठी, पाहुण्यांसाठी आहे. पण पाहुण्याला तिथं बसवलेलं एकालाही आठवेना. माझ्या लहानपणीचे पाळक फार कडक होते. ते सांगायचे की न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे, तेव्हा ज्याला शेरडू व्हायचंय त्याने खुशाल जाऊन बसावं. त्यानंतरच्यांनी हे सगळं मोडीत काढलं आणि सांगितलं की देव शांततेत बोलतो, ती बाजू त्याच्या आवाजासाठी मोकळी ठेवलेली आहे. हे सगळ्यांना आवडलं आणि तेच टिकलं.

एकदा वरून तपासणीला आलेले एक साहेब नाकावरचा चष्मा पुसत म्हणाले होते, “पण हे ल्यूथरन परंपरेत कुठे बसतं?” माझी आजेसासू पटकन म्हणाली, “डावीकडे तर नक्कीच बसत नाही, साहेब.” साहेब हसले नाहीत. त्यांच्या अहवालामुळे आमच्यात फूट पडली. ज्यांना ही अंधश्रद्धा वाटत होती त्यांनी नदीपलीकडे वेगळं चर्च बांधलं. आम्ही त्यांना दुबाजू म्हणायचो, ते आम्हाला कानटवकारे म्हणायचे. एकमेकांच्या मयतीला मात्र जायचो.

आणि आता जावईबापूंच्या डोक्यात आलं होतं की शंभरीच्या उपासनेला डावी बाजू भरायची.

त्याच्या बाजूने बोलायचं तर कारण होतं. पाहुणे येणार होते, उजवीकडे मावणार नव्हते. पण खरं कारण ते नव्हतं. त्याने मला स्वयंपाकघरात, कपबशा विसळता विसळता सांगितलं. त्याचे वडील गेले त्या वर्षी तो अगदी कोसळला होता. तेव्हा तो पाळक नव्हता, कुणीच नव्हता, माझ्या लेकीच्या मागे मागे आमच्या चर्चमध्ये आलेला एक पोरगा होता. त्या ऐकण्यात त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की समोरून कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय. “आई, तिथून तो बोलतो असं आपण म्हणतो आणि शंभर वर्षं लांब उभे राहतो. जवळ का जात नाही?” शंभरीच्याच दिवशी दृढीकरण होतं, म्हणजे मोठी होत चाललेली मुलं सगळ्या मंडळीसमोर प्रश्नांची उत्तरं देऊन आपला विश्वास कबूल करतात तो विधी. दृढीकरणाची मुलं डावीकडे पहिल्या बाकावर बसणार होती, आणि त्यांत माझी नात होती. आम्ही तिला चिमी म्हणतो. पांढरा झगा शिवून झाला होता आणि ती तो रोज कपाटातून काढून बघत होती.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी कबूल करते. बसू देत पोरं, म्हटलं.

मग मी आत्याला भेटायला गेले. माझी आत्या नव्वदी उलटलेली, लग्न होऊन लांब गेली होती, नवरा आमच्या मंडळीतला नव्हता म्हणून चर्चही सुटलं होतं. आता मुलांनी तिला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात आणून ठेवलं होतं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, खाणीत होते आणि लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन खाणीच्या तोंडापर्यंत जायची. तिच्याकडून त्या काळच्या चार गमती मिळतील म्हणून मी कागद-पेन घेऊन गेले होते. तिची खोली वरच्या मजल्यावर, फळ्यांचं छत, दुपारचं ऊन तापलेलं. ती मला डब्यात काय असायचं ते सांगत होती. तेवढ्यात छताच्या फळ्या उन्हाने करकरल्या.

आत्याचं बोलणं जागच्या जागी थांबलं. तिने वर बघितलं.

“बोलायला लागलं,” ती म्हणाली. “तू अशी दाराकडे सरकून बस बघू.”

मला हसू आलं. “कोण बोलायला लागलं, आत्या?”

“छत गं. ऐकू नाही आलं?”

“त्या फळ्या आहेत. उन्हाने वाजतात.”

“असतील. पण सवय जात नाही. बाबा म्हणायचे, वरचं बोलायला लागलं की हातातलं हत्यार टाकायचं आणि पळायचं. मागं वळून बघायचं नाही. आधी बोलतं, मग येतं.”

“काय येतं?”

“सगळं खाली येतं,” आत्या म्हणाली. “अजून काय येणार!”

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी तिला विचारलं, “आत्या, आपल्या चर्चमध्ये म्हणतात, डावीकडे बोलतं, ते?”

“तेच की. डाव्या अंगाखालून जुनी गल्ली गेलीय ना खाणीची. ती जागा मालकाने फुकट दिली. त्याला काय, खालचं सगळं काढून झालं होतं. आपल्या लोकांनी भिंती उभ्या केल्या आणि मग कळलं. आता बांधलेलं पाडणार कसं? म्हणून ठरवलं, वजन सगळं उजवीकडे ठेवायचं, आणि रविवारी बसायच्या आधी ऐकायचं. खाणीत उतरताना ऐकायचे तसंच. शांत असलं तर बसायचं.”

“आणि नसलं तर?”

“तर काय, दार उघडंच असायचं.” तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“नाही आत्या.”

“आमच्या वेळी शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सांगणारे सगळे खोकून खोकून गेले असतील.” आणि ती पुन्हा डब्याकडे वळली. डब्यात कधी कधी उकडलेला बटाटा असायचा म्हणाली.

मी तिथून थेट चर्चमध्ये गेले. आत कुणी नव्हतं. मी उजव्या बाजूला टाच आपटली. फरशी ठप्प म्हणाली. मधली वाट ओलांडून डावीकडे आपटली, तर ढम्म आवाज आला आणि तो पायातून गुडघ्यापर्यंत चढला. मग मला एकेक दिसायला लागलं, जे मी जन्मभर बघत आले होते. वेदीवरची डावीकडची मेणबत्ती नेहमी एकाच अंगाने ओघळायची. डावं दार दर वर्षी सुतार थोडं तासून जायचा आणि दर वर्षी ते पुन्हा घासायचं. आम्ही म्हणायचो, लाकूड फुगलं. शंभर वर्षं लाकूड फुगतंच आहे! मी एवढी शिकलेली बाई, पोरांना सनावळ्या घोकायला लावणारी, आणि माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मी घाबरत घाबरत, पावलं चवड्यावर टाकत, उजवीकडे परत आले.

त्या संध्याकाळी मी लेकीच्या घरी सगळं सांगितलं. जावईबापूंनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही. दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेच्या इंजिनियरला बोलावलं. इंजिनियर आला, डावीकडे चार ठिकाणी पाय आपटून पाहिले, भिंतीवरून हात फिरवला. खाणीचे नकाशे कंपनीबरोबरच गेलेले, ते कुणाकडे नाहीत. जमिनीखालचं बघायचं यंत्र मोठ्या शहरातून मागवावं लागेल, त्याला मंजुरी लागेल, ते पुढच्या वर्षावर जाईल. “सध्या तरी तसं काही दिसत नाही,” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. ‘सध्या तरी’ हे दोन शब्द माझ्याशिवाय कुणी ऐकले नाहीत.

“आई, शंभर वर्षं काही झालेलं नाही,” जावई म्हणाला.

“शंभर वर्षं तिथं कुणी बसलं नाही, म्हणून झालेलं नाही!”

“आई, पुरे ना,” माझी लेक मध्ये पडली. “इतिहास लिहायला दिला तर तू सगळ्यांना घाबरवत सुटलीयस. आत्याआजीला काल जेवलेलं आज आठवत नाही.”

“तिला काल आठवत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं.”

जावयाने कप बाजूला सारला. मग म्हणाला, “तुमचं म्हणणं असं की आपलं ऐकणं म्हणजे नुसतं फरशी तपासणं होतं.”

“हो.”

“मग इतकी वर्षं आपण कुणाला ऐकत होतो, आई?”

त्याचा चेहरा बघवेना. मी त्याच्या बापाला परत मारल्यासारखं मला वाटलं, आणि तरीही मी माझं म्हणणं सोडलं नाही. “देव काय, उजवीकडूनही ऐकू येईल,” मी म्हणाले. “पोरांना तेवढं तिथं बसवू नका.” तो उठून बाहेर गेला. लेक म्हणाली, “झालं समाधान?”

मग मी माझ्या मोठ्या दिरांकडे गेले. आमचे हे गेल्यापासून तेच घरातले कर्ते, आणि मंडळीत वयाने सगळ्यात थोरले. दर रविवारी ‘आज शांत आहे’ म्हणायचा मान त्यांचा. सगळे त्यांना दादा म्हणतात. डावी बाजू भरायला पहिला विरोध त्यांनीच केला होता, पण जावयाने त्यांना समारंभाचे अध्यक्ष केलं आणि दादा विरघळले. नवीन कोट शिवायला टाकून बसले होते. मी त्यांना काहीच समजावलं नाही, फक्त विचारलं.

“दादा, दर रविवारी तुम्ही आज शांत आहे म्हणता. ज्या दिवशी शांत नसेल त्या दिवशी काय म्हणायचं?”

“म्हणजे?”

“म्हणजे आवाज आला तर? उत्तर काय आहे त्याचं?”

दादांनी डोकं खाजवलं. ते खरोखर विचार करत होते. “वडिलांनी मला एवढंच शिकवलं,” ते म्हणाले. “दुसरं काही आहे का गं?”

“होतं. पळायचं.”

“चर्चमधून?” दादा म्हणाले. “भलतंच काय बोलतेस.”

शेवटी मी चिमीला गाठलं. ती आरशासमोर उभी होती. मी तिला म्हटलं, बाळा, त्या दिवशी पोटात दुखतं म्हण, मी तुझं दृढीकरण नंतर करून घेईन, तुला हवं ते देईन. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला चोरी करायला सांगतेय. “आजी, तूच शिकवलंस ना की ऐकताना हलायचं नाही, काहीही झालं तरी. आणि डावीकडे बसणारी मी पहिली असणार आहे. शंभर वर्षांत पहिली!” तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. मी तिला जवळ घेतलं आणि मला तिची हाडं हातांना जाणवली. अजून लहानच आहे ती.

शंभरीचा रविवार उजाडला. सकाळी लख्ख ऊन होतं. चर्च भरून ओसंडत होतं. दुबाजूसुद्धा आले होते, त्यांना तर डावीकडे जायला काहीच वाटत नव्हतं. पहिल्या बाकाशी दृढीकरणाची मुलं, पांढरे झगे, काळे कोट, मागे त्यांचे आईबाप, पाहुणे, शहरातून आलेले आमचे जुने लोक. माझी लेक तिसऱ्या बाकाशी होती. मी उजवीकडे पायपेटीवर बसले. लोक आत येताना वाजवायची धून मी इतकी भरभर वाजवली की दोन बायकांनी वळून बघितलं.

मग जावई समोर आला आणि म्हणाला, “डावीकडे बोलतं. ऐका.”

उजवीकडच्यांनी डावीकडे तोंड केलं. डावीकडचे मात्र गोंधळले, कारण त्यांच्या डावीकडे फक्त भिंत होती. थोडी कुजबुज झाली, मग तेही भिंतीकडे वळले. शांत झालं. मी मनात प्रार्थना म्हणायला लागले आणि अर्ध्यावर आले असेन.

आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी जड पेटी सरकवावी तसा, खालून, एकदा. मग थांबला. मग एक लांबच लांब करकर, वेदीच्या बाजूने निघून मागच्या दारापर्यंत गेली. डाव्या बाजूच्या फरशांच्या सांध्यांतून बारीक धूळ वर आली आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहिली. डावं दार, कुणी हात न लावता, चौकटीत करकचून आवळलं गेलं.

सगळ्यांनी ऐकलं. एकूण एक माणसाने. मी दादांकडे बघितलं. दादा तोंड उघडून उभे होते. त्यांना म्हणायला वाक्यच नव्हतं. त्यांच्या ओठांवर नेहमीचे शब्द आले आणि थांबले, कारण ते खोटे झाले असते. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“बोललं,” दादा म्हणाले. “आज बोललं!”

“बाहेर!” मी ओरडले. “सगळे बाहेर व्हा! दादा, दार उघडा!”

माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. जावई वेदीशी गुडघ्यावर बसला होता आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. मला वाटलं होतं लोक घाबरतील, चेंगराचेंगरी होईल. झालं उलटंच. उजवीकडची माणसं बाकांतून बाहेर पडली आणि मधली वाट ओलांडून डावीकडे जायला लागली. हळूहळू, एकमेकांना वाट देत, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला वेदीशी जातात तशी. म्हाताऱ्या बाया खाली वाकून फरशीला हात लावत होत्या. ज्या बाजूला शंभर वर्षं कुणी बसलं नव्हतं तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही.

मी त्या गर्दीत घुसले. चिमीचा दंड धरला आणि तिला ओढत निघाले. “आजी, सोड! आजी, दुखतंय!” ती रडायला लागली. लोक आम्हाला वाट देईनात. दाराशी पोचेपर्यंत माझी लेक मागून आली आणि तिने माझी बोटं एकेक करून सोडवली. ती माझी लेक, तिच्या लहानपणी ताप चढला की रात्र रात्र जिच्या कपाळावर मी घड्या ठेवल्या, ती माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. “आज तरी नको आई,” ती म्हणाली. “आजचा दिवस तरी तिला मिळू दे.” आणि पोरीला घेऊन ती आत गेली.

मी पायरीवर उभी राहिले आणि वाट बघितली. आत त्यांनी पायपेटीशिवायच गायला सुरुवात केली होती. गीत संपलं. दुसरं सुरू झालं. दृढीकरण झालं, चिमीचा आवाज मला बाहेर स्पष्ट ऐकू आला, तिने सगळी उत्तरं न अडखळता दिली. काही पडलं नाही. लोक हसत, डोळे पुसत बाहेर आले आणि माझ्या बाजूने जाताना आवाज खाली करत होते.

त्यानंतर आमची मंडळी वाढली. अशी वाढ तिच्या सगळ्या इतिहासात झाली नव्हती. दुबाजू परत आले, त्यांच्या चर्चला कुलूप लागलं. शेजारच्या गावांतून लोक येतात. आता उजवी बाजू रिकामी असते, उशिरा येणारेही तिथं बसायला नाखूश असतात, मागे उभे राहतात पण डावीकडेच. मी इतिहास लिहिला, आत्याचं बोलणं जसंच्या तसं घातलं. छापून आला तेव्हा ते पान नव्हतं. कमिटीने मला शाल दिली. आत्या त्याच महिन्यात गेली. इंजिनियरचं यंत्र अजून आलेलं नाही, आणि इंजिनियरची बायको डावीकडे चौथ्या बाकावर असते. सुतार आता डावं दार तासायला येत नाही, कारण ते उघडतच नाही.

बरेच रविवार तसे जातात की काही ऐकू येत नाही. मग दादा मान खाली घालून म्हणतात, “आज शांत आहे,” आणि सगळ्या चर्चचा चेहरा उतरतो. बायका सुस्कारे टाकतात. पोरं विचारतात, आपलं काही चुकलं का? ज्या रविवारी करकर येते त्या दिवशी दादा ताठ उभे राहून सांगतात, “बोललं!” आणि लोक एकमेकांचे हात धरतात. असे रविवार हल्ली जास्त येतात. हे मीच मोजत असेन.

लेकीने मला सांगून ठेवलंय की चिमीच्या कानाशी पुन्हा ते खाणीचं काढलं तर घराचं दार बंद. म्हणून मी बोलत नाही. पण तिला मी उठवू शकत नाही आणि तिला तिथं एकटी सोडूही शकत नाही. मी पायपेटी सोडली. मान आखडते असं कारण सांगितलं. आता मीही डावीकडे पहिल्या बाकाशी असते, चिमीला चिकटून, आणि ऐकणं सुरू झालं की तिचा दंड धरते. तिला वाटतं म्हातारीला आधार लागतो. माझ्याभोवतीची सगळी माणसं डोळे मिटून देवाला ऐकतात आणि मी एकटी डोळे उघडे ठेवून, माझ्या आजोबांसारखी, फरशी ऐकते. मीही प्रार्थना करते. त्यांच्या प्रार्थनेच्या अगदी उलट करते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

परवाच्या रविवारी करकर फार वेळ चालली. संपल्यावरही पायांना बारीक थरथर जाणवत होती. चिमी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा फुलून आला होता.

“आजी,” ती कानात म्हणाली, “आज किती जवळून आला ना आवाज?”

“हो गं,” मी म्हटलं. खरंच जवळून आला होता. मग दादा “बोललं” म्हणाले, सगळे बसले, आणि मी तिचा दंड न सोडता तिच्या शेजारी बसले.